ज्याचा त्याचा आकडा

वजन कमी करायचं म्हणून माझ्याकडे येणारी माणसं बहुतेक वेळा एक आकडा ठरवूनच आलेली असतात. बाराशे. दिवसाला बाराशे कॅलरी. पाच फूट उंचीच्या साठीच्या काकू, जिमला जाणारा उंचापुरा पंचविशीतला मुलगा, दिवसभर वॉर्डात उभी असणारी नर्स, सगळ्यांचा आकडा तोच. कुणी मैत्रिणीकडून घेतलेला, कुणी मोबाइलवर पाहिलेला. मी पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि माझ्या कामाचा बराच वेळ हा आकडा पुसून तिथे त्या माणसाचा स्वतःचा आकडा लिहिण्यात जातो.

बँकेत नोकरी करणाऱ्या एका ताईंचं उदाहरण घेते. वय ४४, उंची १५६ सेंटीमीटर, वजन ७२ किलो. नाव सांगत नाही, पण अशा ताई पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत आहेत. हिशेब मी समोरच्याच्या हातानेच मांडून घेते, कारण स्वतः केलेल्या बेरजेवर माणसाचा विश्वास बसतो. त्यांना कागद दिला आणि सांगितलं, वजनाला दहाने गुणा: ७२०. उंचीला सव्वासहाने गुणा: ९७५. दोन्हींची बेरीज करा. त्यातून वयाची पाचपट, म्हणजे २२०, वजा करा. बाई असल्यामुळे आणखी १६१ वजा. पुरुष असता तर तिथे पाच मिळवायचे होते. उत्तर आलं १३१४. हे १९९० साली प्रसिद्ध झालेलं मिफ्लिन-सेंट जॉर यांचं सूत्र आहे आणि ते विश्रांतीतला खर्च सांगतं. दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी हृदय, यकृत, मेंदू, मूत्रपिंड चालू ठेवायला शरीर जे जाळतं, तेवढंच. भारतीय शरीरांचा हा खर्च पाश्चात्त्य सूत्रांपेक्षा थोडा कमी भरतो, म्हणून मी त्यातून पाच टक्के काढते. राहिले साधारण १२५०.

ताई कागदाकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे मॅडम, बाराशे खाल्ले तर मी झोपून राहण्याइतकंसुद्धा खात नाही?"

हे त्यांचं त्यांना दिसलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मी शंभरदा सांगून जे पटलं नसतं, ते एका वजाबाकीने पटलं.

यापुढचा गुणाकार मात्र जपून करावा लागतो. दिवसभराच्या हालचालीसाठी या संख्येला एका गुणकाने गुणतात. खुर्चीवरचं काम असेल तर १.४ च्या आसपास, बऱ्यापैकी चालणं-फिरणं असेल तर १.६ च्या पुढे. बहुतेक अ‍ॅपमध्ये इथे पर्याय निवडायचा असतो आणि आठवड्यातून चारपाच दिवस फिरायला जाणारा माणूस बिनदिक्कत ‘मध्यम सक्रिय’ निवडतो. मग संध्याकाळी फिरून आल्यावर घड्याळ सांगतं की २४० कॅलरी जळाल्या आणि अ‍ॅप त्या २४० पुन्हा जेवणाच्या खात्यात जमा करतं. एकच चालणं दोनदा मोजलं गेलं. बँकेतल्या माणसाला हे समजावायला फार वेळ लागत नाही. ताईंसाठी मी १.४ धरला, म्हणजे दिवसाचा खर्च साधारण १७५०. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० च्या शिफारशींत बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईसाठी १६६० धरले आहेत. त्यामुळे ७२ किलोला १७५० हा आकडा कुठे भलतीकडे गेलेला नाही. त्यातून साडेतीनशे ते चारशे कमी करून जेवण १३५० ते १४०० वर आणायचं ठरलं. फिरणं वेगळं, आणि ते जेवणाच्या खात्यात अजिबात जमा धरायचं नाही.

का नाही, तेही त्याच कागदावर मांडलं. पाऊण तास, ताशी पाचेक किलोमीटर वेगाने ७२ किलो वजन चालवलं की साधारण १९० कॅलरी लागतात. पण तो पाऊण तास खुर्चीत घालवला असता तरी पन्नासेक लागल्याच असत्या आणि त्या १७५० मध्ये आधीच धरल्या आहेत. म्हणजे चालण्याची खरी कमाई १३५ च्या आसपास. घड्याळ २४० म्हणत होतं. त्या फरकावर रोज मूठभर फरसाण बसतं.

हा सगळा हिशेब अंदाजाचा आहे, हे मी सुरुवातीलाच सांगते. पण तो हवेतला अंदाज नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी अमेरिकेत माणूस आत राहू शकेल अशी एक बंद खोली बांधली. माणूस सलग काही दिवस तिच्यात राहायचा, खायचा, झोपायचा, सायकल चालवायचा, आणि त्याच्या अंगातून निघालेली उष्णता व श्वास दोन्ही मोजले जायचे. पिष्ट आणि प्रथिनांच्या ग्रॅममागे चार, स्निग्धाच्या ग्रॅममागे नऊ कॅलरी, हे पाकिटांवर छापलेले आकडे त्याच कामातून आले. आपल्याकडे डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय अन्नांच्या पोषणमूल्यांचं पुस्तक केलं आणि २०१७ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेने नवी अन्नघटक कोष्टकं काढली. ज्वारी, नाचणी, मटकी, अळू, सगळं त्यांत सापडतं. माझ्या टेबलावर ही दोन्ही पुस्तकं कायम असतात आणि मी त्यांची ऋणी आहे.

पण कोष्टकात मटकी असते, मटकीची उसळ नसते. उसळ ज्याच्या त्याच्या घरची असते. म्हणून पहिल्या भेटीत मी ताटाबद्दल कमी आणि वाणसामानाच्या यादीबद्दल जास्त विचारते. महिन्याला तेल किती लागतं? घरात माणसं किती? ताई म्हणाल्या, पाच लिटरचा डबा, माणसं चार. भागाकार केला: माणशी सव्वा लिटर, दिवसाला साधारण ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी. नुसत्या तेलाच्या. दाणे, खोबरं, तूप, साय यांतलं स्निग्ध अजून मोजलेलंच नाही. साखर महिन्याला चार किलो. माणशी रोज ३३ ग्रॅम, १३० कॅलरी. ताई तीन दिवस अगदी मन लावून खाण्याची नोंद लिहीत होत्या आणि त्या नोंदीत तेल कुठेच नव्हतं, कारण तेल कुणी खात नाही, भाजी खातो.

एका शनिवारी मी काटा घेऊन त्यांच्या घरी गेले. सगळ्यांकडे जाणं जमत नाही, पण जिथे जमतं तिथे मी जाते. ओट्यावर तेलाची किटली होती. ती वजन करून ठेवली. सासूबाई शेजारी खुर्चीवर बसून हे सगळं कुतूहलाने पाहत होत्या. ताईंनी नेहमीसारखी कणीक भिजवली, मोहन घातलं, उंडे केले. उंडा काट्यावर ४५ ग्रॅम भरला, म्हणजे कोरडी कणीक अठ्ठावीस-तीस ग्रॅम. लाटताना मधे तेलाचं बोट, घडी, वर पिठी, पुन्हा लाटणं, तव्यावरून उतरली की वरून चमच्याच्या पाठीने तेल. हात इतका सरावाचा की त्यांना स्वतःला किती तेल जातंय ते दिसत नव्हतं. चौदा पोळ्या झाल्या आणि किटली ४६ ग्रॅमने हलकी झाली. पोळीमागे सव्वातीन ग्रॅम, तीस कॅलरी. कणकेच्या ९५-१०० आणि ह्या तीस. अ‍ॅपमध्ये त्या ‘एक चपाती’ निवडायच्या तेव्हा त्यात कुणाच्या तरी फुलक्याचा आकडा येत होता. फ्लॉवर-बटाट्याच्या फोडणीला आणखी ३६ ग्रॅम गेले. सकाळच्या स्वयंपाकात चौघांमागे वीस-वीस ग्रॅम. संध्याकाळचं तेवढंच धरलं तर डब्याच्या भागाकाराचं उत्तर आणि काट्याचं उत्तर जुळत होतं. ताईंच्या चेहऱ्यावर बँकेत दिवसअखेर रोकड जुळल्याचं समाधान होतं.

घडीची पोळी सोडा असं मी म्हटलं नाही. आमच्याकडची ती सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी एक आहे, असं मला मनापासून वाटतं. मोहन बंद केलं, वरचं तेल बंद केलं, घडीतलं ठेवलं. भाजीला तेल किटलीतून धारेने ओतण्याऐवजी चहाच्या चमच्याने मोजून घालायला सांगितलं. सपाट चमचा म्हणजे साडेचार ग्रॅम, चाळीस कॅलरी. चार माणसांच्या भाजीला चार चमचे पुरतात, फक्त आच मंद ठेवावी लागते आणि झाकणावर पाणी. पुढच्या महिन्यात डबा तीन लिटरवर आला. माणशी रोज सव्वाशे-दीडशे कॅलरी ताटातलं काहीही न काढता कमी झाल्या.

यापलीकडे एक खाणं असतं, जे खाणं म्हणून लक्षातच राहत नाही. मीठ बघायला घेतलेला भाजीचा घास. मुलाच्या डब्यात उरून आलेली अर्धी पोळी. सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्याच्या तळाशी राहिलेला दोन डाव भात, कारण तेवढ्यासाठी डबा कशाला काढायचा आणि अन्न टाकायचं कसं? ऑफिसातला तिसरा चहा. संकष्टीला ताईंनी नोंदवहीत ‘उपास’ एवढंच लिहिलं होतं. विचारलं तर खिचडी होती. साठ ग्रॅम साबुदाण्याच्या २१०, मूठभर दाण्याच्या कुटाच्या १४०, दोन चमचे तुपाच्या ९०. बटाटा सोडूनच साडेचारशेच्या जवळ. यात लपवाछपवी मुळीच नाही. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. कितीही कमी खाल्लं तरी वजन उतरत नाही असं म्हणणाऱ्या माणसांचं खाणं आणि खर्च दोन्ही प्रत्यक्ष मोजले, तेव्हा त्यांनी खाणं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. ती माणसं प्रामाणिकच होती. आपल्या घरांत तर बाई वाढत वाढत, उरलंसुरलं संपवत जेवते. तिला स्वतःचं असं ताटच नसतं, मग ती मोजणार काय? म्हणून नोंदवही देण्याआधी मी एकच गोष्ट मागते: तुमचं ताट आधी वाढून बाजूला ठेवा आणि सगळ्यांबरोबर बसा. हा माझ्या दृष्टीने कॅलरीच्या हिशेबाचाच भाग आहे.

आता व्यायामाकडे. रविवारी सिंहगड चढणारे माझ्याकडे बरेच आहेत आणि गडावरच्या पिठलं-भाकरीवर त्यांचा हक्क आहे अशी त्यांची ठाम भावना असते. हा हिशेब करायला मला आवडतो. आतकरवाडीपासून वरपर्यंत चढ सुमारे सहाशे मीटर. ७२ किलो वजन तेवढं उचलायला शुद्ध पदार्थविज्ञानाने साधारण शंभर कॅलरीचं काम होतं. स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा कामात उतरवतात, बाकीची उष्णता म्हणून जाते. म्हणजे चढायला चारशेच्या आसपास. उतरताना आणखी थोड्या. वर दोन भाकऱ्या, पिठलं, ठेचा, कांदाभजीची एक बशी आणि मडक्यातलं दही म्हणजे हजाराच्या पुढे. दही खाऊ नका असं मी कुणालाही सांगितलेलं नाही. चौदाशेचे आठवड्याला ९८०० होतात. रविवारी सतराशे गेले तर बाकीच्या सहा दिवसांतून पन्नास-पन्नास काढा आणि गडावर जात राहा. जाणं सुटता कामा नये, कारण गड चढण्याने मिळतं ते कॅलरीच्या रकान्यात मावत नाही. साखर आटोक्यात येते, झोप लागते, गुडघ्याभोवतीचे स्नायू बळकट होतात.

स्नायूंचा मुद्दा पुण्याच्या माणसाने तर विसरूच नये. इथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. म्हणजे उंचीच्या मानाने वजन सारखंच, पण आतला ऐवज निराळा. आपल्या लोकांत स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटाशी. म्हणून तर आपल्यासाठी बीएमआय २३ पासूनच जास्त वजन धरतात आणि कंबर बायकांची ८०, पुरुषांची ९० सेंटीमीटरच्या आत असावी म्हणतात. अशा शरीराला नुसतं कमी खाऊ घातलं की चरबीबरोबर होते-नव्हते ते स्नायूही जातात. काटा खाली येतो, माणूस आनंदतो, आणि जिना चढताना दम लागतो तो लागतोच. चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोनतीनदा जोर लागेल असं काहीतरी हवंच: बैठका, सूर्यनमस्कार, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं, जे घरात होईल ते. आणि ताटात प्रथिनं हवीत. ताईंना मी सत्तरेक ग्रॅमचं लक्ष्य दिलं. पातळ वरणाच्या वाटीत पाचसहा ग्रॅमच असतात, त्यामुळे घट्ट उसळ, दोन अंडी, दही, कधी पनीर, कधी सोयाबीन असं जुळवत गेलो. चौदाशेत हे बसवणं अवघड आहे. तेलासाखरेतून काढलेल्या कॅलरी इथे उपयोगी पडतात.

पहिल्या आठवड्यात वजन दीड किलोने उतरलं. मी ताईंना आधीच बजावलं होतं की यात खूप आनंद मानू नका. शरीर साठवलेल्या पिष्टाबरोबर तिप्पट पाणी धरून ठेवतं. साठा घटला की पाणी जातं. तसंच पाळीच्या आधी, किंवा लग्नात पापड-लोणचं झालं की किलोभर पाणी परत येतं. त्यामुळे मी रोज सकाळी वजन लिहायला सांगते, पण वाचायची ती सात दिवसांची सरासरी. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. जेवणातून रोज चारशे आणि चालण्यातून सरासरी शंभर कमी झाल्या, तर आठवड्याला साडेचारशे ग्रॅम. तीनचार आठवड्यांची सरासरी याच्या आसपास उतरत असेल तर कागदावरचा आकडा खरा. उतरत नसेल तर आकडा बदलायचा, कारण शरीराने उत्तर दिलेलं असतं आणि सूत्रापेक्षा तेच उत्तर मानायचं. सूत्र हजारांच्या सरासरीवर बांधलेलं असतं, समोर बसलेला माणूस एकटा असतो.

आठ किलो गेल्यावर वजन थांबलं. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. ताईंकडून पुन्हा तोच कागद सोडवून घेतला, ७२ च्या जागी ६४ घालून. खर्च १७५० वरून साधारण १६४० वर आला होता. लहान झालेलं शरीर कमी खातं, चालतानाही कमी जाळतं, आणि अन्न कमी मिळतंय हे ओळखून हालचालीतही नकळत काटकसर करतं. काही बिघडलेलं नव्हतं. अशा वेळी मी जेवण लगेच कापत नाही. महिनाभर आहे त्या वजनावर स्थिर राहू देते, चालणं थोडं वाढवते, आणि मगच पुढचं बघते.

उलट बाजूचे लोकही येतात आणि त्यांची मला जास्त काळजी वाटते. एक मुलगी झेरॉक्स काढलेला तक्ता घेऊन आली होती. सकाळी लिंबू-पाणी, दुपारी एक पोळी आणि काकडी, रात्री सूप. बेरीज केली तर आठशेसुद्धा भरेना. केसांचे पुंजके हातात येत होते, पाळी लांबली होती, आणि तिला वाटत होतं की आपली इच्छाशक्ती कमी पडते आहे. तिला मी वाढवत वाढवत सोळाशेवर आणलं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असणाऱ्यांना तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय मी जेवणातला घाससुद्धा कमी करू देत नाही. जेवण घटलं आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर धोकादायक खाली येऊ शकते.

ताईंच्या घरी आता सगळ्यांनाच आपापला आकडा हवा होता. यजमानांचा निघाला साधारण २२००, कारण वजन ८१, उंची जास्त, आणि सूत्रात वजा १६१ ऐवजी अधिक पाच. एकाच पातेल्यातली भाजी, पण पोळ्या त्यांना चार आणि ताईंना दोन. कॉलेजातल्या मुलाचं वजन बरोबर होतं, त्याला काहीच मोजू नको म्हटलं. प्रश्न होता तो सासूबाईंचा. वय ७४, वजन ४३. घरातलं तेल, साखर कमी झालं तसं नकळत त्यांच्या ताटातलंही कमी झालं होतं आणि तीन महिन्यांत त्या दीड किलोने उतरल्या होत्या. त्या वयात, त्या वजनाला हे चालणार नाही. त्यांच्या भातावर तूप वेगळं वाढायचं, रात्री सायीचं दूध द्यायचं, चार वाजता राजगिऱ्याचा लाडू, असं ठरवलं. सासूबाई म्हणाल्या, "मग माझंही वजन लिहा की त्या वहीत." वहीत त्यांच्यासाठी एक वेगळं पान काढलं आणि वर लिहिलं: ४३ च्या खाली गेल्यास फोन करणे.